आयर्लंडला निघालेल्या लेकीसाठी

लावणी उरकली असेल, पाठ जरा टेकली असेल, अशा बेतानं आज बोलायला बसलो आहोत. विषय आपल्याच घरातला आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गटांमधल्या कितीतरी तायांच्या मुली नर्सिंग शिकल्या. आधी त्या मुंबई-पुण्याला जायच्या, मग आखाती देशांत जाऊ लागल्या. आता आयर्लंडचं नाव कानावर येतं. ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी आम्हा सहयोगिनींना विचारलं, "पोरगी तिथं रुजेल ना हो?" व्हिसा, परीक्षा, परवाना सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांना घोर होता तो रुजण्याचा.

त्यांची लेक आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे शहरात राहते. तिला तिथं दोन वर्षं झाली. दोन पावसाळे म्हणणार होतो, पण तिथं पावसाळा असा वेगळा नसतोच. तिच्याशी आणि तिच्या दोन मैत्रिणींशी बोलून जे कळलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याला वाटतं, कोकणातल्या पोरीला पावसाचं काय कौतुक? पण पावसापावसात फरक आहे. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि दसऱ्याला आभाळ मोकळं. गॉलवेला वर्षभरात त्याच्या निम्माही पडत नाही, पण वर्षातले दोनशेच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त दिवस तो येतोच. भुरभुर, रिपरिप, थंडगार. त्या बारीक पावसाच्या दिवसाला तिथले लोक 'सॉफ्ट डे' म्हणतात, म्हणजे मऊ दिवस! अटलांटिक समुद्रावरचा वारा असा की पाऊस आडवा येतो आणि छत्री उलटी होते. तिथं आपल्या आजीच्या इरल्याचीच युक्ती चालते: अंगावर घ्यायचं आणि हात मोकळे ठेवायचे. म्हणून टोपीचा चांगला रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट ही पहिली खरेदी. ती तिथंच करावी, इथून नेलेला टिकत नाही.

कपडे वाळत नाहीत, हे दुसरं. आपण चुलीवर बांधलेल्या बांबूवर वाळवतो. तिथल्या बऱ्याच घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला 'हॉट प्रेस' म्हणतात. इस्त्रीशी त्याचा संबंध नाही. त्या उबेत कपडे कोरडे होतात. खोलीतच दोरी बांधून वाळवले की भिंतीला बुरशी धरते आणि खोकला लागतो. थंडी असली तरी रोज थोडा वेळ खिडकी उघडायचीच.

पण पावसापेक्षा अंधार जड जातो. डिसेंबरात सूर्य उगवतो पावणेनऊनंतर आणि साडेचारच्या आत मावळतो. दिवसपाळीची नर्स अंधारात जाते, अंधारात येते. या मुलीला पहिल्या हिवाळ्यात कारण नसताना रडू यायचं. आईनं इथं मीठमोहऱ्या ओवाळल्या. ओवाळा, आमची हरकत नाही, पण डॉक्टरांकडे जायलाही सांगा. उजेड कमी म्हणून तिथं 'ड' जीवनसत्त्व घ्यायला सांगतात, सावळ्या कातडीच्या माणसांना तर आवर्जून. उलट जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा पडदा ओढून झोपावं लागतं.

माणसं कशी आहेत, हे सगळ्याच जणी विचारतात. बोलकी आहेत, हवापाण्यावर तर फारच. मात्र त्यांचं इंग्रजी आपल्या पुस्तकातलं नव्हे. गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमारा भाग आहे, तिथल्या गावांतून आजही आयरिश भाषा बोलतात. पहिले दोन महिने म्हाताऱ्या रुग्णांचं बोलणं तिला अर्धंच कळायचं. परत विचारायला तिनं लाज ठेवली नाही, हे तिचं चांगलं.

त्या लोकांनाही घर सोडणं ठाऊक आहे. १८४५ पासून तिथं बटाट्याचं पीक रोगानं गेलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. अमेरिकेला निघणाऱ्याच्या घरी आदल्या रात्री मंडळी मयताला जमावी तशी जमत, रात्रभर जागत. पोर पुन्हा दिसेल याची खात्री नसे. तिच्या वॉर्डातली एक आजी रोज विचारायची, "आईला फोन केलास का?"

आता पैशाचं बोलू, कारण खरं अडतं तिथं. आपण चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर वाढलेली माणसं. पोरगी गेली की दुसऱ्या महिन्यात घर वाट बघायला लागतं. पण सुरुवातीला तिच्याच हातात पैसा लागतो. राहण्याच्या नोंदणी कार्डाचे ३०० युरो भरायचे, खोलीची अनामत द्यायची, कोट-बूट घ्यायचे. भाड्याच्या खोल्यांची तिथं मोठी टंचाई आहे. खोली न बघता अनामत पाठवली आणि पैसे बुडाले, असंही होतं. एका घरात तर मुलीचा पहिला पगार झाल्या झाल्या स्लॅबचं काम काढलं. ती तिथं रात्रपाळ्या वाढवून घेत राहिली आणि शेवटी आजारी पडली.

म्हणून या ताईंनी कर्ज मागितलं तेव्हा हप्ता सातव्या महिन्यापासून सुरू करू, असं गटात ठरलं. वाद झाला. "आमच्या म्हशीच्या कर्जाला कुठं सवलत दिलीत?" असं एकीनं विचारलं, आणि ते विचारणं रास्त होतं. शेवटी दोन्ही कर्जांना तोच नियम लावला. हप्ते वेळेवर आले.

गंमत म्हणजे मुलगी तिथंही गटातच गेली. त्यांचा गट म्हणजे क्रेडिट युनियन. एका भागात राहणारे किंवा काम करणारे लोक बचत करतात आणि त्याच बचतीतून एकमेकांना कर्ज देतात. बचत कितीही असो, मत एकच. नोरा हर्लिही या शिक्षिकेनं काही सोबत्यांसह ही चळवळ उभी केली. १९५८ साली पहिल्या संस्था निघाल्या, १९६६ साली कायदा झाला. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन मुलगी सभासद झाली. आईला फोनवर म्हणाली, "इथं पण पासबुक आहे गं!" आम्हाला वाटतं, ती त्या दिवशी थोडी रुजली.

निघणाऱ्या मुलींसाठी दोन-तीन गोष्टी. एजंट सरकारी नोंदणीचा आहे का, ते ई-मायग्रेटवर बघा. नियमानं त्याची फी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, त्यापुढे नाही. तिथल्या कायद्यानं मालकाला पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही. सामानात तूप, पेढे, खवा घालू नका, विमानतळावर काढून घेतात. मसाला द्या. तिथं बांगड्याचा भाऊबंद असलेला मासा मिळतो. आणि फोन आपल्या दिवेलागणीला करा, तेव्हा तिथं दुपार असते.

येत्या गुरुवारी दुपारी तीनला ग्रामसंघाच्या खोलीत मुलींचे कागद बघायला बसणार आहोत. एजंटानं दिलेली पावती, करारपत्र, जे असेल ते घेऊन या. मुलीलाही आणा.