कोलेस्टेरॉल आणि दोन औषधांची जोडी

इ. स. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. मांजरा धरण आटलें तेव्हां शहरानें दुसरी वाट शोधली. कोलेस्टेरॉलच्या बाबतींत मनुष्याचें शरीरही असेंच वागतें.

तूप सोडून करडईचें तेल धरलें कीं काम झालें, अशी समजूत नांदेड-लातुराकडील पुष्कळ सुशिक्षित घरांत आहे. पथ्य हवेंच, परंतु शरीरांतील बरेंचसें कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतें, आणि त्यांत यकृताचा वांटा मोठा. जपानी संशोधक आकिरा एन्डो यांस १९७३ सालीं एका बुरशींत ही निर्मिति रोखणारें द्रव्य सांपडलें. त्याच कुळांतील स्टॅटिन औषधें १९८७ पासून प्रचारांत आलीं. परंतु निर्मिति रोखली कीं लहान आंतडें अन्नांतून व पित्तांतून अधिक कोलेस्टेरॉल शोषूं लागतें! स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी अपायकारक कोलेस्टेरॉल आणखी सुमारें ६ टक्केच उतरतें. उलट आंतड्यांतील शोषण अडविणारें एझेटिमाइब जोडलें, तर तें आणखी २० टक्क्यांच्या आसपास उतरतें.

हृदयविकाराच्या तीव्र दुखण्यांतून उठलेल्या १८,१४४ रुग्णांवर या जोडीची परीक्षा होऊन २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सात वर्षांच्या हिशेबानें, हृदयविकार, पक्षाघात इत्यादि आपत्ति केवळ स्टॅटिन घेणारांत शेंकडा ३४.७ जणांवर, तर जोडी घेणारांत ३२.७ जणांवर आल्या. फरक डोळे दिपविणारा नाहीं, पण खरा आहे.

मात्र कोणतीही जोडी चालते असें नव्हे. सेरिव्हास्टॅटिन हें औषध २००१ सालीं बाजारांतून काढून घ्यावें लागलें. जेमफायब्रोझिलबरोबर घेतल्यानें कित्येकांचे स्नायू झिजून मूत्रपिंडें निकामी झालीं होतीं. दुसरा धोका घरांतलाच. एक गोळी नांदेडच्या तज्ज्ञांनीं लिहून दिलेली, दुसरी लातूरच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं. वेष्टनांवरील मोठीं नांवें निराळीं, पण खालीं बारीक अक्षरांत औषध एकच! ही जोडी नव्हे, दुप्पट मात्रा झाली. यास्तव दोन्ही पाकिटें एकाच डॉक्टरांपुढें ठेवावींत. अकारण अंग फार दुखूं लागलें व लघवी काळसर झाली, तर त्याच दिवशीं त्यांस गांठावें.

तपासणींत आंकडा उतरला म्हणून पुष्कळ लोक गोळ्या आपल्याच मनानें थांबवितात. कांहीं आठवड्यांत आंकडा पूर्वीच्या जागीं जातो, आणि पुढील तपासणीपर्यंत घरांत कोणास त्याचा पत्ता नसतो.