आपलं घर, आपली कडी

अपंग लेकरू चाळिशीला आलं की घरात एकच घोर लागतो, "आमच्या मागं याला कोण बघणार?" मग भाऊ-वहिनी की संस्था, एवढंच ठरवायचं उरतं. त्याला स्वतःला कुठं राहायचंय, हे विचारायचं राहूनच जातं.

अमेरिकेतल्या बर्कली गावात एड रॉबर्ट्स यांनी या प्रश्नाचं उत्तर स्वतः दिलं. पोलिओनं मानेखालचं शरीर लुळं पडलेलं, श्वासाला यंत्र. पण मदतनीस कोण, तो कधी येणार, काय करणार, हे तेच ठरवत. 1972 साली त्यांनी सोबत्यांसह तिथं स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र उभारलं.

आपल्याकडच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 समाजात राहण्याचा हक्क देतं. अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती नसावी आणि मदतनीसासारख्या सेवा मिळाव्यात, यासाठी सरकारनं प्रयत्न करायचे आहेत. प्रत्यक्षात असे मदतनीस फार थोडे, हेही खरंच.

घरातले बदल मात्र गवंडी-सुतार करून देतात. कडी हाताला येईल इतकी खाली, न्हाणीघरात भिंतीला भक्कम दांडा. दाराशी सहा इंचांची पायरी असेल, तर उतार सहा फूट लांब हवा. नुसती फळी टाकून भागवलं, तर चाकाची खुर्ची मागं कलंडते.

चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल आणि आधार जास्त लागत असेल, तर त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 38 खाली त्या आधारासाठी अर्ज करता येतो. समाजकल्याण कार्यालयात चौकशी जरूर करा.