गुण मुलीचे, खर्च मुलावर

(अकरावी-बारावीतल्या मुली आणि त्यांच्या आया यांच्या शिबिरात केलेले भाषण)



दहावीला मला ८१ टक्के मिळाले, भावाला ७४. क्लास मात्र त्याला लावला. ‘तू हुशार आहेस, तुला कशाला हवा क्लास?’ आई म्हणाली. ती कौतुकानेच म्हणाली. ते कौतुक किती महाग पडलं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

आयआयटीला किती मार्क लागतात, असं तुमच्यातल्या काही जणींनी विचारलंय. कागदावरचं उत्तर सोपं आहे. बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग मुलामुलींना ६५. किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव. पण ही झाली नुसती पात्रता. आधी जेईई मेन, त्यातून निवडलेल्या सुमारे अडीच लाखांना जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथल्या क्रमांकावर जागा. ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांतच, दोनदा देता येते.

आता बघा. बारावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला. मग पवईच्या फाटकापाशी पोचेपर्यंत या मुली जातात कुठे? १९६१ च्या आयआयटी कायद्यातच लिहिलंय, संस्था स्त्री-पुरुष दोघांनाही खुली. दार उघडंच होतं. तरी २०१६ साली देशभरातल्या आयआयटींत प्रवेश घेणाऱ्या शंभरांत मुली होत्या जेमतेम आठ.

मुली वाटेतच गळतात. क्लासची फी लाखाच्या घरात जाते. लातूरला किंवा कोट्याला ठेवायचं तर खोली, जेवण वेगळं. पहिल्या खेपेला जमलं नाही तर आणखी एक वर्ष. तेव्हा मुलगा असेल तर ‘त्याने ड्रॉप घेतलाय’ म्हणतात. मुलगी असेल तर ‘ती घरी बसलीय’. आणि घरी बसलेल्या मुलीकडे भाकरी, धुणं, धाकटी भावंडं आपोआप येतात. मग तो क्रमांक नुसत्या बुद्धीचा कसा म्हणायचा? त्यात घरातला पैसा आणि घरातले तास दोन्ही मोजलेले असतात.

म्हणून २०१८ पासून आयआयटींनी मुलींसाठी जादा जागा काढल्या. मुलींचं प्रमाण आधी १४ टक्के, २०२० पर्यंत २० टक्के करायचं ठरलं. मुलांची एकही जागा त्यासाठी कमी केली नाही. गुणवत्ता यादीत येण्याची किमान गुणांची अटही प्रत्येक प्रवर्गात मुलामुलींना एकच आहे. तरी ‘मुलींच्या कोट्यातली’ हा टोमणा येतोच. दलित-आदिवासी मुलामुलींनी तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. आपल्यातल्याही काही जणी तो मारत आल्या. आता तरी तो कुणाच्याच तोंडी नको.

जादा जागांनी फाटकापाशी पोचलेल्या मुलींची सोय झाली. फाटकापर्यंतची वाट मात्र आपल्याच घरातून जाते. सगळ्यांनी आयआयटीलाच जावं, असं माझं म्हणणं नाही. नर्सिंग असो, वकिली असो, हिशेब तोच.

म्हणून आयांनो, एक काम करा. वहीत दोन रकाने पाडा, एक मुलाचा, एक मुलीचा. शिक्षणावर कुणासाठी किती रुपये गेले आणि घरकामात कुणाचे किती तास गेले, महिनाभर लिहा. खाडाखोड करू नका. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. माझ्या आईची वही कुणी पाहिली नाही. तुमची आपण सगळ्याजणी मिळून वाचू.