प्रवेश मुक्त, पण कोणाला?

(नांदेड येथे संगणकविषयक मेळाव्यांच्या तरुण संयोजकांपुढे केलेले भाषण)



आपण मला संगणकावर बोलण्यास बोलाविले नाही, हे बरे केले. त्यातले मला फारसे कळत नाही. मात्र माणसे जमविण्याचे काम मी आयुष्यभर केले आहे. सभेला कोण आले यापेक्षा कोण आले नाही हे आधी मोजावे, ही सवय त्या कामाने लावली. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

आपल्या पत्रकावर 'सर्वांना प्रवेश मुक्त' असे छापले आहे. वेळ सायंकाळी सहाची आणि स्थळ विष्णुपुरीकडील सभागृह. आता किनवटची किंवा मुखेडची मुलगी येथे येणार कशी? मेळावा रंगात येईतो तिची परतीची एस. टी. निघून गेलेली असते, आणि मुक्कामाला घरून परवानगी नसते. लातूरचे दुखणे निराळे आहे. 'लातूर पॅटर्न'मुळे खेड्यापाड्यांतील मुले तेथे खोल्या घेऊन राहतात. पण गुणांच्या शर्यतीत वाढलेल्या या मुलांना चारचौघांत 'मला हे कळले नाही' असे म्हणण्याची चोरी असते. त्यात पहिलेच भाषण इंग्रजीतून झाले की ती मागच्या रांगेत बसतात आणि चहाच्या वेळी निघून जातात. मग संयोजक म्हणतात, मुलांत उत्साह नाही!

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ओळख करून घेताना आपण आडनाव विचारता. निरागसपणे विचारता, असे मी मानतो. परंतु १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला, तेव्हा याच जिल्ह्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. १९९४ साली नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. ज्या घरांनी ते दिवस पाहिले, त्या घरच्या नातवाला आडनावाच्या प्रश्नामागचा प्रश्न बरोबर ऐकू येतो. नुसते नाव विचारा. तेवढ्याने काम भागते.

आणि विषय कोणी ठरवायचे? २०२१ साली राज्यातील अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाइल परत केले. यंत्रे निकृष्ट होती आणि 'पोषण ट्रॅकर'मध्ये माहिती इंग्रजीतून भरावी लागे, अशी त्यांची तक्रार होती. या बायका तंत्रज्ञानाला घाबरतात, असे म्हणणारे शहाणे तेव्हाही होते. वस्तुतः सॉफ्टवेअर कोठे अडते, हे रोज नोंदी भरणाऱ्या सेविकेइतके कोणास ठाऊक? तिला श्रोत्यांत बसवू नका, वक्ता म्हणून बोलवा, आणि त्या दिवसाची तिची बुडालेली मजुरीही द्या.

काहीजण म्हणतील, आपण सारे मित्र आहोत, नियमांचे जोखड कशाला? जगभरच्या लोकांनी मिळून उभारलेल्या लिनक्सच्या प्रकल्पालाही २०१८ साली आचारसंहिता स्वीकारावी लागली. मैत्री पुरेशी असती तर ही वेळ आली नसती. एखाद्या मुलीची टवाळी झाली तर तिने कोणाकडे जावे, हे पत्रकावर नाव व दूरध्वनी क्रमांकासह छापा. तक्रार संयोजकाविरुद्धच असू शकते. म्हणून दुसरे नाव बाहेरच्या व्यक्तीचे असू द्या.

पुढचा मेळावा रविवारी सकाळी अकरा वाजता, बसस्थानकालगतच्या एखाद्या वाचनालयात घेऊन पाहा. लॅपटॉप नसणाऱ्यांसाठी दोघांत एक यंत्र ठेवा. भाषणे अर्ध्या तासात आटोपून उरलेला वेळ प्रश्नांना द्या. माझाही अर्धा तास आता संपला आहे.