मैदानाच्या रेषेबाहेरचे आपण
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



परीक्षेच्या निकालाविषयी या व्यासपीठावरून दरवर्षी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आज मात्र मला मैदानावर आखलेल्या चुन्याच्या रेषेबाहेर उभे राहणाऱ्या आपणा मोठ्या माणसांविषयी बोलायचे आहे. वर्गात मी मराठी शिकवतो. परंतु गेली काही वर्षे कबड्डी आणि खो-खोच्या संघांबरोबर तालुक्याच्या व जिल्ह्याच्या स्पर्धांना जाण्याचे कामही माझ्याकडे आहे. या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. म्हणजे तेथे खेळतात ती आपली मुलेच, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

आपण सामन्याला येता याचा आम्हां शिक्षकांना आनंद वाटतो. कोणी दुकान बंद ठेवून येतो, कोणी आखातातून महिनाभराच्या रजेवर आलेला असतो आणि त्यातला एक दिवस मुलाच्या सामन्यासाठी देतो. ही माया लहान नाही. परंतु सामना सुरू झाला की हीच माया कधी कधी ओरडण्याचे रूप घेते. "अरे, डावीकडे जा!", "पकड त्याला!", "डोळे फुटले का?" अशा आरोळ्या चहूबाजूंनी सुरू होतात.

आपले हे दोन्ही खेळ कानांचेही आहेत, याचा आपण कधी विचार केला आहे काय? कबड्डीत चढाई करणाऱ्याला एका दमात 'कबड्डी, कबड्डी' असे स्पष्ट म्हणावे लागते आणि पंचाला ते ऐकू यावे लागते. त्याच्या हाती अवघे ३० सेकंद असतात. खो-खोमध्ये पाठलाग करणारा खेळाडू बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने 'खो' म्हणतो, तेव्हाच बसलेल्याने उठायचे असते. रेषेबाहेर पन्नास माणसे ओरडत असतील तर तो 'खो' ऐकू कसा येणार? शिवाय प्रशिक्षक एक सांगतात आणि वडील दुसरेच सांगतात. मग मूल खेळाकडे पाहायचे सोडून वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहू लागते, आणि नेमके त्याच वेळी बाद होते.

दुसरी गोष्ट पंचांची. शालेय सामन्यांचे पंच बहुधा आमच्यासारखेच शिक्षक असतात. त्यांचाही निर्णय चुकू शकतो. पण त्यासाठी नियमांनी वाट ठेवलेली आहे. संघाच्या कर्णधाराने किंवा व्यवस्थापकाने रीतसर दाद मागावी. एका सामन्यात काही पालक निर्णय न पटल्यामुळे थेट मैदानात उतरले. खेळ बराच वेळ थांबला. त्या अवधीत दोन्ही संघांची मुले माना खाली घालून उभी होती. त्या दिवशी कोण जिंकले हे आज फारसे कोणाला आठवत नसेल. परंतु आपले वडील सर्वांदेखत कसे बोलले, हे त्या मुलांच्या लक्षात राहिले असेल.

हार-जीत किती मनाला लावून घ्यावी, यासाठी एक प्रसिद्ध उदाहरण देतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. ही गोष्ट आपण सर्व जण सांगतो. परंतु त्या सामन्यात गोलंदाजी करणारीही मुलेच होती, हे आपण विसरतो. त्यांत साईराज बहुतुले नावाचा एक मुलगा होता. पुढे २००१ साली तो भारताकडून कसोटी सामना खेळला. एवढा मार खाल्लेल्या मुलाला घरच्यांनी "तुला काही येत नाही" असे म्हणून घरी बसवले असते, तर हे घडले असते काय?

आता मुलींविषयी. आपल्या समाजातील मुली मैदानावर येऊ लागल्या आहेत, ही मोठी गोष्ट आहे. परंतु एखादी आई मुलीला खो-खो खेळायला पाठवते तेव्हा तिचे लक्ष खेळाइतकेच रेषेबाहेरच्या माणसांकडेही असते. तेथे शिवीगाळ ऐकू आली, पोशाखावरून टोमणे ऐकू आले, की दुसऱ्या दिवशी मुलगी सरावाला येत नाही. मुलीचा खेळ मैदानाबाहेरच्या तोंडांमुळे बंद पडू नये, ही जबाबदारी आपणा पुरुषांची आहे.

तेव्हा माझी नम्र विनंती अशी. सूचना प्रशिक्षकांना देऊ द्या. टाळी वाजवा, आणि प्रतिपक्षाच्या मुलाने चांगली पकड केली तर त्यालाही वाजवा. सामन्यानंतर पंचांना 'आदाब' किंवा 'नमस्कार' करून निघा. घरी परतताना सामन्याचा हिशेब मांडू नका. हरलेल्या मुलाला आपण कुठे चुकलो हे पुरते ठाऊक असते. त्याला पाणी द्या, काही खाऊ घाला, त्याच्या खांद्यावर हात ठेवा. तो स्वतः बोलू लागला, तर मात्र मन लावून ऐका.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक सांगतो. अब्बा मोठ्याने ओरडले तर ते तुमच्या काळजीपोटी, हे समजून घ्या. पण घरी निवांत वेळी "अब्बा, तुम्ही ओरडलात की माझे लक्ष उडते," असे अदबीने सांगायला संकोच करू नका. वडील ऐकतील, अशी माझी खात्री आहे.

येत्या हंगामात आपण सर्वांनी सामन्याला जरूर यावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.