बिऱ्हाड आणि पत्ता

मुंबईच्या उपनगरांत युनिक्स हें नांव नवें नाहीं. जुहूस १९८५ सालीं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघालें; २००३ सालीं तें सी-डॅकमध्यें विलीन झालें. युनिक्सच्या घराण्यांतील लिनक्सला भारतीय भाषा याव्यात म्हणून 'इंडिक्स' नांवाचा उपक्रम याच केंद्रानें चालविला होता. निवृत्तीनंतर मलाहि तो नाद लागला. एका लहानशा प्रोग्रॅमचे सर्व संदेश मीं मराठींत आणले, नातवानें त्याचें पॅकेज बांधलें, आणि मुलुंडच्या घरीं तें चढविलें. प्रोग्रॅम उत्तम चालला, पण सारा इंग्रजींत! माझी चार महिन्यांची मेहनत गेली कोठें?

बीजगणितांत जसा 'क्ष', तसा या स्क्रिप्टांत 'प्रिफिक्स' हा चल असतो. त्याची किंमत म्हणजे मूळ स्थानाचा मार्ग. कांहीं न सांगितल्यास ती बहुधा '/यूएसआर/लोकल' धरतात. वितरणांचीं पॅकेजें '/यूएसआर' देतात. त्यावरून पुढचे मार्ग निघतात: प्रोग्रॅम 'बिन'मध्यें, संदेश 'शेअर/लोकॅल'मध्यें, आणि त्यांत 'एमआर' या फोल्डरांत आपली मराठी. हा संदेशांचा पत्ता प्रोग्रॅम तयार होतांनाच त्याच्या पोटांत कोरला जातो.

पॅकेज बांधणारा मात्र फायली थेट मूळ स्थानीं ठेवीत नाहीं. आधीं एका रिकाम्या फोल्डरांत जमवून मग गांठोडें बांधतो. त्यासाठीं 'डेस्टडिर' हा निराळा चल आहे. फायली उतरवितांनाच तो प्रत्येक मार्गाच्या पुढें जोडला जातो. प्रोग्रॅमला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. नातवानें घाईंत त्या तात्पुरत्या फोल्डराचा मार्ग 'प्रिफिक्स'मध्येंच लिहिला. लग्नपत्रिकेवर कार्यालयाऐवजीं, भांडींकुंडीं जेथें ठेवलीं त्या शेजाऱ्याच्या खोलीचा पत्ता छापावा, तसें झालें. फायली '/यूएसआर'खालीं नीट पोहोंचल्या. प्रोग्रॅम मात्र जें फोल्डर फक्त नातवाच्या अंधेरीच्या संगणकावर होतें, तेथें मराठी शोधीत राहिला. बरें, संदेश न मिळाल्यास तो तक्रारहि करीत नाहीं, मुकाट्यानें मूळ इंग्रजी दाखवितो. वर्गांत चुकीचें उत्तर देणारा मुलगा मला परवडे. न समजतां मान हलविणारा नव्हे.

"आजोबा, चूक माझीच," नातू म्हणाला. त्यानें 'प्रिफिक्स'ला '/यूएसआर' दिलें, तात्पुरतें फोल्डर 'डेस्टडिर'कडे सोंपविलें, आणि पॅकेज पुन्हा बांधलें. मीं मुद्दाम नसलेल्या फायलीचें नांव टंकिलें. पडद्यावर उत्तर आलें, 'अशी फाईल सांपडली नाहीं.' शब्द माझेच होते.