पटावरचं नाव

(सेमाडोह इथे महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा होती तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय अगदी साधा आहे. पोराचं, पोरीचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत कसं घालायचं? यात भाषण करण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. शाळा गावात आहे, गुरुजी ओळखीचे आहेत. आपल्या विदर्भात जूनच्या शेवटी शाळा उघडते, तेव्हा लेकराचा हात धरायचा आणि नेऊन बसवायचं.

पण बैठकांमध्ये बाया जे बोलतात ते वेगळंच असतं. "जन्माचा दाखला आणा म्हणाले." "आधार कार्ड नाही, पुढच्या वर्षी या म्हणाले." "बापाला घेऊन या, तुमच्या सहीनं चालत नाही म्हणाले." "आता दिवाळी झाली, आता नाव घेत नाही म्हणाले." बाई ऐकून घेते आणि परत येते. पोरगी घरी राहते. धाकट्याला सांभाळते, सरपण आणते. एक वर्ष जातं, दुसरं जातं. मग तीच पोरगी नऊ वर्षांची होते आणि घरचेच म्हणतात, आता हिला पहिलीत बसवायची लाज वाटते. तिला कोणी शाळेतून काढलेलं नसतं. तिचं नाव मुळात लिहिलेलंच नसतं.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. शाळेतली जागा मागायला आपण जात नाही. ती जागा आपल्या लेकराचीच आहे. आपण नाव सांगायला जातो, आणि ते लिहून घेणं हे सरकारचं काम आहे.

हे मी मनाचं सांगत नाही. या हक्कामागे मोठी लढाई आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं आणि मागणी केली की बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं. आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव कीर्तनातून सांगत राहिले, की भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा. १९५० साली राज्यघटनेनं सरकारला सांगितलं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत शिक्षण द्यायचा प्रयत्न करा. १९६० साल आलं आणि गेलं. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं उन्नीकृष्णन खटल्यात सांगितलं की हा मुलांचा मूलभूत हक्क आहे. २००२ साली तो घटनेत आला, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. फुल्यांच्या मागणीपासून मोजलं तर एकशे अठ्ठावीस वर्षं.

या कायद्यात एक बदल झाला आहे, तो नीट समजून घ्या. शाहू महाराजांच्या काळात लेकराला शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळात तेही धाडसाचंच होतं. पण आजच्या कायद्यात 'सक्ती' हा शब्द सरकारला लावलेला आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला प्रवेश मिळतो का, ते शाळेत येतं का, आठवीपर्यंत शिक्षण पूर्ण करतं का, हे बघणं सरकारवर बंधनकारक आहे. लेकराला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य आहे असंही कायदा म्हणतो, पण त्यासाठी दंड ठेवलेला नाही. तेव्हा कोणी आपल्याला दटावलं, की तुम्हालाच शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, तर मान खाली घालायची गरज नाही.

आता एकेक अडचण घेऊ.

पहिली, जन्माचा दाखला. कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. बाळंतपण घरी झालं असेल, नोंद राहिली असेल, तर दवाखान्याच्या किंवा नर्सबाईच्या रजिस्टरमधली नोंद चालते, अंगणवाडीतली नोंद चालते. तीही नसेल तर आईबापानं वय लेखी सांगितलेलं चालतं.

दुसरी, आधार कार्ड. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शाळेच्या प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही. मग शाळा ते इतकं का मागते? कारण आपल्या राज्यात शाळेला किती शिक्षक द्यायचे ते पटावरून ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. त्यासाठी आधारची पडताळणी झालेलीच मुलं मोजायची असं सरकारनं धोरण घेतलं. म्हणजे गुरुजींवरही दडपण आहे. ते समजून घ्या, आधार काढून द्यायलाही हरकत नाही. पण कार्ड येईपर्यंत नाव थांबणार नाही. आज नाव लिहा, कार्ड मागाहून आणते, असं सांगायचं. जातीच्या दाखल्याचंही तसंच. तो पुढे शिष्यवृत्तीला, आश्रमशाळेला लागेल. पहिलीत बसायला लागत नाही.

तिसरी, उशीर. वर्ष सुरू झालं म्हणून प्रवेश नाही, असं म्हणता येत नाही. हे कलम १५. आणि नऊ वर्षांच्या त्या पोरीसाठी कलम ४ आहे. जी कधी शाळेत गेली नाही किंवा मधेच सुटली, तिला तिच्या वयाच्या वर्गात बसवायचं, आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास शिकवणी द्यायची. नऊ वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्या मुलांत बसवून लाजवायचं नाही.

चौथी अडचण खास आपली, बायांची आहे. "बापाला आणा." बाप वीटभट्टीवर असेल, दारूत असेल, किंवा बाईला टाकून गेला असेल. कायद्यात पालक म्हणजे आई किंवा बाप, दोघांपैकी कोणीही. सख्खी आई, सावत्र आई, दत्तक घेणारी आई, सगळ्या त्यात येतात. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आई हीसुद्धा मुलाची नैसर्गिक पालक आहे. तिचा नंबर बाप मेल्यावरच लागतो असं नाही. आणि २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव लिहायचं. ती मुलं पहिलीला येतील तेव्हा आईचं नाव कागदावर असेलच. पण सही करायला तोवर थांबायचं कारण नाही. सही येत नसेल तर अंगठा. आईचा अंगठाही तितकाच खरा.

नाव लिहिताना समोर उभं राहून बघा. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हा जन्मभराचा कागद आहे. त्यावरून पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघतो, आणि जातीच्या दाखल्याच्या, पडताळणीच्या वेळी तोच उघडून बघतात. आपल्याकडे कित्येकांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै आहे, कारण गुरुजींनी अंदाजानं लिहिली आणि कोणी विचारलं नाही. नाव बरोबर आहे का, जमात 'कोरकू' अशीच लिहिली आहे का, तारीख कोणती घातली, हे वाचून दाखवा म्हणायचं. वाचता येत नाही हे सांगण्यात कमीपणा नाही. वाचून दाखवायला ते बसलेले आहेत.

इथवर झालं नाव घालणं. पण नाव पटावर आलं म्हणजे लेकरू शाळेत आलं असं नाही.

आता बघा, मी मराठीत बोलते आहे. चार वाक्यं झाली की थांबते, आणि तुमच्यातली एक जण तेच कोरकूत सांगते. सगळ्यांना कळलं पाहिजे, म्हणून आपण ही सोय केली. मोठ्या बायांसाठी केली. मग सहा वर्षांच्या लेकरासाठी कोण करतं? कोरकू ही मराठीची बोली नाही. ती वेगळ्याच घरातली भाषा आहे, तिचं नातं झारखंडच्या मुंडारी आणि संथालीशी. घरी ज्याला 'डा' म्हणतात त्याला शाळेत 'पाणी' म्हणतात, आणि पाणी म्हणजे काय ते न कळल्यामुळे लेकरू गप्प बसतं. मग त्याला मठ्ठ म्हणतात. कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलं आहे, की शक्य असेल तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं. पहिली-दुसरीला कोरकू समजणारं माणूस वर्गात असावं, ही मागणी आपण प्रवेशाच्या दिवसापासूनच केली पाहिजे. मराठी तर शिकायचीच आहे. पण पायरीशिवाय माडीवर चढता येत नाही.

दुसरं, दिवाळीनंतरचं स्थलांतर. कामासाठी कुटुंबंच्या कुटुंबं घाटाखाली उतरतात. लेकरं बरोबर जातात. पोरगा एखाद्या वेळी आजीजवळ राहतो. पोरीला मात्र न्यावंच लागतं, कारण तान्ह्याला कोण बघणार? जाण्याआधी गुरुजींना सांगून जा. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते मागून घ्या. जिथे कामाला जाल तिथल्या शाळेनं लेकराला बसवून घेतलं पाहिजे. बाहेरगावाहून आलेल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही तिथल्या जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची जबाबदारी कायद्यात लिहिली आहे. कायमचं जात असाल तर शाळेनं दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला वेळ लागला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. हे कलम ५. व्याघ्र प्रकल्पासाठी बोरी, कोहा, कुंड अशी गावं उठून अकोटच्या बाजूला, अकोला जिल्ह्यात वसली. गाव उठतं तेव्हा घराचे, जमिनीचे पैसे मोजले जातात. पहिलीतली लेकरं कुठल्या शाळेत बसणार, हा प्रश्न बायांनी त्याच बैठकीत विचारला पाहिजे.

तिसरं, शाळाच बंद होणं. २०१७ च्या अखेरीस सरकारनं दहापेक्षा कमी मुलं असलेल्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचीही चर्चा झाली. कागदावर हिशोब सोपा वाटतो: मुलं कमी, शाळा बंद. पण आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. पाड्यावरची शाळा बंद झाली तर सहा वर्षांच्या पोरीनं जंगलातून, नाल्यातून पुढच्या गावाला जायचं का? पावसाळ्यात जायचं का? मग दोनच वाटा उरतात. एक आश्रमशाळा, म्हणजे सहाव्या वर्षी आईपासून लांब. दुसरी, घर. घर कोणाच्या वाट्याला येतं ते आपल्याला माहीत आहे. १९९२ साली सरकारनं आदिवासी, दलित, भटक्या समाजातल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. दिवसाला एक रुपया. तीस वर्षांनंतरही तो एक रुपयाच होता. मुलगी रोज शाळेत येण्याची किंमत एवढीच धरली गेली. म्हणून पटावरचं प्रत्येक नाव महत्त्वाचं आहे. तुमच्या पोरीचं नाव तिला एकटीला शाळेत नेत नाही, ते पाड्यावरच्या दहा लेकरांची शाळा जागेवर ठेवतं.

आता काय करायचं?

कायद्यानं प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला व्यवस्थापन समिती ठेवायला सांगितली आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या सदस्य बाया. बहुतेक गावांत या बायांची नावं वहीत असतात आणि वही सहीसाठी घरी येते. यापुढे वही घरी येणार नाही, आपण बैठकीला जाऊ. कोणाचं नाव लागलं नाही, कोण स्थलांतराला गेलं, शिक्षकाची जागा रिकामी आहे का, हे तिथेच विचारायचं. चिखलदरा आणि धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला शाळा, दवाखाना अशा संस्थांवर आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर देखरेख करायचा अधिकार दिला आहे. ग्रामसभेत ठराव घ्या.

जून उघडण्याआधी दोघी-दोघींनी मिळून घरोघर जायचं आणि सहा वर्षं झालेल्या लेकरांची यादी करायची. त्यात सहाच्या पुढची, कधीच शाळेत न गेलेली पोरगीही लिहायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून शाळेत जायचं. एकटी बाई परत पाठवता येते, वीस जणी पाठवता येत नाहीत. तरीही कोणी नाही म्हणालं, तर भांडायचं नाही. 'नाही' हे लिहून द्या म्हणायचं. बहुतेक वेळा लिहून द्यायची वेळ आली की 'नाही'चं 'हो' होतं. नाहीच झालं तर आपण अर्ज लिहायचा, दोन प्रती करायच्या, एकीवर पोच घ्यायची. केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग अमरावतीला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असं कलम ३२ सांगतं. तिथेही न्याय मिळाला नाही तर राज्याच्या बाल हक्क आयोगाकडे अपील करता येतं.

गुरुजी आपले शत्रू नाहीत. पाड्यावर राहून चांगलं शिकवणारे गुरुजी आणि बाई आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांनाही पट हवाच आहे. पण हक्क कोणाच्या चांगुलपणावर ठेवायचा नसतो. चांगला माणूस बदलून जातो, रजिस्टर तिथेच राहतं.

त्या रजिस्टरमध्ये या जूनमध्ये आपल्या पाड्यावरच्या एकाही पोरीचं नाव राहून जाता कामा नये. यादीचं काम आज, उठण्याआधीच वाटून घेऊ. कोणत्या पाड्याला कोण जाणार, सांगा.